वीतभर पट्टी

त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर,
आणि मी पट्टी गुंडाळतोय.
मनगटाला तीन वेढे, मग अंगठा,
मग बोटांच्या बेचक्यांतून आतबाहेर.
बापाने जाळी दुरुस्त करायला शिकवली तोच हात:
सैल नाही, ताठ नाही.

अकरा वर्षांपूर्वी एवढ्याच पट्टीतला
वीतभर तुकडा उरायचा.
तो मी भावाच्या होडीला बांधायचो, नाकाशी,
मासळीला कळावं आम्ही कोण म्हणून.
आज पट्टी वेढा पुरा व्हायच्या आतच संपली.
दुसरी गुंडाळी काढून मोजून पाहिली.
पट्टी तेवढीच आहे.
सांधे वाढलेत.

"आवळतोयस का रे, ताविया?"
"नाही."

बाहेर बुकोमची पोरं भिंतींवर चढून बसलीयत.
केंकी विकणारी डेडे मक्याचं पान सोलता सोलता
गिऱ्हाइकाला भाव सांगते:
आयिक्वेवर एक लावा, चार घ्या.
लुबाबालोवर लावाल तर सुटे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत.
आणि वर म्हणते, मी आपली आयिक्वेवरच लावलेत,
पण तुम्ही लावू नका.

पासपोर्टावर तो छत्तीसचा आहे.
त्याची आई वेगळं सांगते:
ज्या वर्षी पाऊस आलाच नाही,
आणि नायजेरियाने हाकललेली माणसं
ट्रक भरभरून परतत होती,
आणि घरात मूठभर कसावा नव्हता,
त्या वर्षी हा झाला.
आम्ही कोणीच हिशोब करत नाही.

मागच्या वेळी, तिकडे म्डँटसानेत,
लुबाबालो वीस वर्षांचा होता.
दोन पंच आपल्या बाजूने, एक त्याच्या.
निकालानंतर तो पोरगा
बर्फाच्या बादलीत दोन्ही हात घालून रडला,
आणि आयिक्वेने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला,
कॅमेऱ्यांना दिसू नये म्हणून.

अकरा वर्षं दोघांनाही सारखीच मिळाली.
त्याची खांद्यांत गेली,
याची गुडघ्यांत.

गेल्या महिन्यात सरावाला
समोर एकोणीस वर्षांचं कार्टं होतं, कोणाचा कोण.
त्याची टाच जरा उचलली
आणि आयिक्वेला सगळं कळलं.
दातांतल्या रबरामागून तो स्पष्ट म्हणाला, "हुक."
मी ऐकलं. कार्ट्यानेही ऐकलं.
मग हुक लागला.

एवढंच आहे सगळं.
डोळा अजून गावात सगळ्यांच्या आधी उठतो,
पण मानेला निरोप पोचेपर्यंत उजाडलेलं असतं.

आमच्याकडे मंगळवारी होडी काढत नाहीत.
समुद्रालाही एक दिवस स्वतःचा लागतो,
म्हाताऱ्यांनी ठरवलंय, कोणी मोडत नाही.
आयिक्वेने अंगाला मंगळवार कधी दिला नाही.
मीही कधी म्हटलं नाही, दे.
माझंही पोट त्याच्या मुठींवर होतं.

"खरं सांग," तो म्हणतो.
मी पट्टीवरून चिकटपट्टी फिरवतो, दाताने तोडतो.
पहिल्या चार फेऱ्यांत झालं तर झालं.
पाचवीत लुबाबालो श्वास घ्यायला थांबणार नाही,
आणि माझ्या खांद्यावरचा टॉवेल
तेव्हापासून जड व्हायला लागेल.
हे मी म्हणत नाही.
मी म्हणतो, "डावा खाली सोडू नकोस."
तो हसतो. हे मी त्याला
तो सोळाचा असल्यापासून सांगतोय.

मंडळाचा माणूस येतो, कोवळा, इस्त्रीचा सदरा,
दोन्ही मनगटांवर सही ठोकतो,
आणि जाता जाता दारातून वळून
बघतो, जरा जास्तच वेळ.

आयिक्वे मूठ वळतो, उघडतो, वळतो.
आत कुठलं तरी बोट कट्‌कन बोलतं.
आम्ही दोघेही ऐकलं नाही असं करतो.

"वार कोणता आज?"
"शनिवार."
"मग ठीक आहे," तो उठतो, गुडघ्यावर हात देऊन.
"समुद्र उघडा आहे."